तोंडातला शब्द

खालच्या जबड्यातला डावीकडचा सुळा जरासा बाहेर झुकला होता. मेण अजून कोमट होतं, बोटाचं टोक नुसतं टेकवलं असतं तरी तो गुमान आत गेला असता, पण ती टेकवत नव्हती, बघत बसली होती — नखाएवढा दात, पण एवढ्या एका दाताने अख्ख्या चेहऱ्याचा भाव बदलतो, माणूस हसला की कावेबाज दिसतो, गप्प बसला की काहीतरी दडवून ठेवल्यासारखा... आणि दडवलं असेलही. दडवायला काय लागतं? तोंड मिटलं की झालं. ही कवळी कुणा म्हाताऱ्याची होती, उद्या सकाळी दवाखान्यात पोचायला हवी होती, म्हणून तर ती रविवार असून इथे येऊन बसली होती. निदान काकांनी विचारलं तर ती तसं सांगणार होती. खरं म्हणजे घरी बसवत नव्हतं. घरी न्हाणीघराच्या दाराआड नळ सोडून...

नको. आधी सुळा.

काका म्हणजे कामावरचे काका, प्लास्टर कालवून जबड्यांचे साचे ओतणारे. आयुष्य त्यात गेलं, त्यामुळे नखांच्या कडा कायमच्या पांढऱ्या. खोली एवढीशी, दोन टेबलं, एक स्पिरिटचा दिवा, आणि भिंतभर फळ्यांवर लोकांचे जबडे मांडलेले, वरचा आणि खालचा, आ वासून. सगळ्यांची तोंडं उघडी आणि एकही बोलत नाही. नवखा माणूस आत आला की दचकतो. हिला त्यांची सोबत वाटायची.

"काय गं, रविवारची इथे? देवाला दांडी मारलीस?"

"जाऊन आले. सातची उपासना करून आले."

"आणि आमचे जावईबापू?"

"त्यांचा देव वरच्या मजल्यावर राहायला गेलाय."

"मग बरोबर आहे की! लिफ्टवाल्याचा देव वरच जाणार, तळमजल्यावर काय करेल?" काकांना स्वतःच्या विनोदाचं इतकं हसू आलं की वाटीतलं प्लास्टर घट्ट व्हायला लागलं आणि मग त्यांनी प्लास्टरलाच एक शिवी दिली. ती हसली नाही. मग, कुणी विचारलेलं नसताना, वातीची काजळी झटकल्यासारखं तिने झटकून टाकलं —

"आज ते बोलणार आहेत म्हणे तिथे. अकराला."

"कोण? जावईबापू?" काकांचा हात थांबला. "म्हणजे वाचून दाखवणार?"

"वाचून नाही. बोलणार. स्वतःचं."

"अगं पण त्यांना तर..."

काकांनी वाक्य तिथेच सोडलं आणि पाठ फिरवून साचा आपटायला घेतला. बघा, तिला वाटलं, माझा नवरा वाक्य अर्धं सोडतो तेव्हा लोक कीव करतात, आणि काकांनी अर्धं सोडलं की तो सभ्यपणा.

नवरा तोतरा होता. हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. 'जरा अडखळतात' म्हणायचं, जसा काही वाटेत उंबरठा आहे आणि त्याला पाय लागतो. पाय नाही लागत, भिंत लागते. तोंड उघडतं, मानेची शीर ताठ होते, डोळे समोरच्या माणसाच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी जातात आणि आवाज येत नाही. काही अक्षरांना नुसता दणका बसतो, दगडावर चाक आपटावं तसा, पण खरी वाईट ती गप्प भिंत. समोरचा माणूस आधी घड्याळ बघतो, मग जमीन, मग शब्द सुचवायला लागतो.

आणि हाच माणूस जुन्या चर्चमध्ये, शंभर लोकांच्या बरोबरीने, छापील प्रार्थना म्हणताना कुठेही थांबत नसे. कुठेही. ती तेव्हा दंतकामाचं शिक्षण घेत होती, पुढच्या बाकावर उभी होती, पापांगीकाराची प्रार्थना चालली होती, आणि तिच्या मानेमागून एक आवाज येत होता — जाडसर, घाई नसलेला, प्रत्येक शब्द हातात धरून नीट खाली ठेवणारा. इतर सगळे ती प्रार्थना बसचं तिकीट काढल्यासारखी उरकत होते आणि हा मागे कुणीतरी खरोखरच चुकला होता, खरोखरच कबूल करत होता. ती वळली नाही. अख्खी उपासना न वळता ती त्या आवाजाच्या प्रेमात पडली, चेहरा पाहायच्या आधी. बाहेर पायऱ्यांवर तो समोर आला, आपलं नाव सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि भिंत. तिने थोड्या वेळापूर्वी कुणीतरी त्याला हाक मारताना ऐकलं होतं, म्हणून तिने पटकन ते नाव म्हणून टाकलं आणि विचारलं, असंच ना? त्याने मान हलवली. केवढा सुटल्यासारखा हसला होता तो! म्हणजे तिला तरी तसं वाटलं होतं. त्याच्या तोंडातला पहिला शब्द जो तिने काढून घेतला तो त्याचं स्वतःचं नाव होता... हा विचार आज पहिल्यांदाच आला आणि तिला आवडला नाही. तिने चिमटा गरम केला.

त्यानंतर सगळे शब्द तिनेच पुरवले. दुकानात, बसमध्ये, घरमालकाशी, सासरच्या माणसांशी. सासूबाईंनी लेकाला काही विचारलं तरी त्या बघायच्या सुनेकडे. 'त्यांना म्हणायचंय की' — हे तिचं पालुपद झालं होतं, नणंद तिची नक्कलही करायची, 'वहिनी, दादाला शिंक आली तर तीही तूच दे.' सगळे हसायचे. तोही हसायचा. इतकी सवय की मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोरसुद्धा — मूल होणार नाही हे पक्कं झाल्यावर बाईंनी मुद्दाम त्याच्याकडे वळून विचारलं होतं, दत्तक घ्यायचा काही विचार? — त्याने तोंड उघडलं, शीर ताठ झाली, आणि तिने बाईंना सांगितलं, "ते नको म्हणतायत." त्याने तोंड मिटलं. बाईंनी कागद बाजूला सारला. बाहेर आल्यावर दोघांनी चहा घेतला. अवघड जागेतून त्याला सोडवलं म्हणून तिला तेव्हा बरंच वाटलं होतं.

आणि संध्याकाळी, भांडी घासून झाली की, दोघं उभं राहून सांजप्रार्थना म्हणायचे. एकत्र. ती एक ओळ, तो एक ओळ असं नाही, कारण एकट्याची ओळ आली की तो अडकायचा. दोघांनी सगळंच बरोबर म्हणायचं, तिचा आवाज पुढे अर्ध्या पावलावर, त्याचा मागोमाग, आणि मग ते अंतरही पुसलं जायचं, दोन आवाजांचा एक जाड पीळ व्हायचा. इतर जोडप्यांचं लग्न कुठल्या खोलीत घडतं ते त्यांचं त्यांना ठाऊक, यांचं लग्न त्या ओट्याजवळ उभ्याने घडत होतं. तिला हाव सुटायची. प्रार्थना संपत आली की ती आजाऱ्यांसाठीची घ्यायची, मग प्रवाशांसाठीची, मग ज्या देशांशी आपला काडीचा संबंध नाही तिथल्या राज्यकर्त्यांसाठीची. देवाला कशाला हवंय एवढं! मला हवं होतं. तो आवाज मला हवा होता, सलग, न तुटलेला, माझ्या आवाजाला धरून चाललेला. माझ्यावाचून तो आवाज नव्हताच जगात. मीच दिला त्याला...

सुळा आत बसला. तिने वरचा जबडा बिजागरीवर खाली आणून दातावर दात मिटवून पाहिला. छान बसत होतं. हिचं काम नेहमीच देखणं असायचं. मागच्याच महिन्यात दवाखान्यातून निरोप आला होता की कवळी फार सुंदर आहे, पण आजीबाई बोलायला लागल्या की शिट्टी वाजते. तेव्हा ती चिडली होती. माणूस समोर नाही, त्याचा आवाज ऐकलेला नाही, नुसत्या प्लास्टरवरून अजून काय करायचं?

"निघतेस? अकराला म्हणालीस ना?" काका.

"कुणी सांगितलं मी जाणारेय?"

"कुणी नाही बाई. तू तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघितलंस, म्हणून."

ती उठली. हात धुतले, तरी बोटांना मेणाचा वास होताच.

रस्त्यावर रविवारचं सुस्त ऊन होतं, दुकानांची निम्मी शटरं खाली. लिफ्टनेच सगळं केलं. टायरच्या दुकानावरच्या इमारतीतली लिफ्ट अडकली म्हणून तो एका रविवारी गेला, आणि दुरुस्तीसाठी लिफ्टच्या डब्याच्या टपावर, त्या उभ्या अंधाऱ्या विहिरीत बसला असताना भिंतीपलीकडून त्याला कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं. पलीकडच्या हॉलमध्ये कुठल्याशा नव्या चर्चची सभा भरली होती, कुणीतरी तासभर नुसतं बोलत होतं. काम संपलं तरी तो खाली उतरला नाही. मग तिथल्या पास्टरने त्याला चहाला बसवलं, काहीतरी विचारलं, आणि... "त्यांनी वा-वाट पाहिली," हे त्याने घरी येऊन सांगितलं होतं, बूट न काढता, दारातच. कुठल्यातरी बाईने दागिना दाखवावा तसं. "मी अ-अडकलो, तर सगळे थांबले. कुणीच श-श-"

"शब्द सुचवला नाही," ती म्हणाली होती.

त्याने तिच्याकडे पाहिलं होतं. तेव्हाचं ते पाहणं तिने अजून कुठल्याच कप्प्यात ठेवलेलं नाही.

मग दर रविवार. सातला जुन्या चर्चमध्ये तिच्या शेजारी, अकराला तिकडे. मग सातला दांडी. तिला लफडं परवडलं असतं. लफड्यात बाईला निदान समोर एक बाई दिसते, तिचे केस ओढता येतात, तिच्या नावाने बोटं मोडता येतात. इथे काय ओढायचं? प्लास्टिकच्या खुर्च्या? तरी तिने तेही केलं. त्याचा शर्ट धुवायला टाकण्याआधी नाकाशी धरला. त्या हॉलमध्ये मारायच्या सुवासिक फवाऱ्याचा उग्र, गोडसर वास यायचा. चर्चमध्ये मेणबत्त्यांचा आणि जुन्या लाकडाचा यायचा, दोघांच्या कपड्यांना सारखाच. आता धुण्याच्या बादलीत दोन देवांचे दोन वास.

भांडणही झालं एकदा, भांडण म्हणजे काय, तीच बोलली. उपदेश, उपदेश! एकाने बडबडायचं आणि बाकीच्यांनी खुर्च्या गरम करायच्या, याला काय उपासना म्हणतात? आज त्याला झोप लागली नाही म्हणून आज देव रागावलेला, उद्या पोट साफ झालं म्हणून देव प्रसन्न. आपल्याकडचे शब्द कुणाच्या बापाचे नाहीत, म्हणून सगळ्यांचे आहेत. मेलेल्यांनी म्हटलेत, जन्मायचे आहेत ते म्हणतील, दुःखात माणसाला नवे शब्द शोधायला लावू नयेत एवढी तरी दया त्यात आहे. आणि तुम्ही? तुम्ही तर आपल्या चर्चमध्ये वाहत्या पाण्यासारखं बोलता! असलेला आवाज टाकून कोण जातं हो?

मग तुटत तुटत, एकेक शब्द विटेसारखा रचत त्याने जे सांगितलं ते एवढंच होतं की तिथे मी बरोबर बोलतो, पण बोलत नाही. आणि मग, अजून एक वाक्य. "तू क-कधी थांबली नाहीस." तिला वाटलं होतं तो त्या प्रार्थनेबद्दल बोलतोय, अर्ध्या पावलाने पुढे चालण्याबद्दल.

काल संध्याकाळी तो प्रार्थनेला उभा राहिलाच नाही. न्हाणीघरात गेला, नळ सोडला, आणि नळाच्या आवाजाआड आजच्यासाठी बोलून बघायला लागला. ती दाराला कान लावून उभी राहिली, स्वतःच्या नवऱ्याच्या न्हाणीघराबाहेर, परक्या बाईसारखी. शब्द कळत नव्हते. नुसता चढउतार, दणके, थांबणं, पुन्हा. तिचा हात कडीला लागला, कडी वाजली, आणि आत आवाज बंद झाला. नळ तेवढा वाहत राहिला. दुसरा माणूस आत असावा तसं! बाहेर आल्यावर टॉवेलने कान पुसत तो म्हणाला, "उ-उद्या मी बोलणारेय. ये." तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ओट्याजवळ जाऊन प्रार्थना एकटीने म्हटली, फादरची ओळही तीच, लोकांची ओळही तीच, 'दया कर' मागणारी तीच. पोकळ वाटलं. पाठ असलेले शब्द इतके पोकळ वाजू शकतात हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याच्या तोंडावर दार लावलं असतं.

आज सकाळी शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने पर्स ठेवली. विश्वासांगीकाराला सगळे उभे राहिले आणि तिच्या लक्षात आलं की ती अर्धं पाऊल पुढे म्हणतेय, मागोमाग येणाऱ्यासाठी जागा सोडून. दारात फादरनी हात हातात घेतला, "दिसत नाहीत हल्ली, बरे आहेत ना?" आणि तिने बेधडक सांगितलं, "घसा बसलाय त्यांचा, फादर. आवाजच फुटत नाहीये." देवाच्या दारात उभं राहून. मनात म्हणाली, बसूच दे.

टायरच्या दुकानाशी आल्यावर ती लिफ्टने गेली नाही. जिने चढली.

हॉल तिने कल्पनेत जितका वाईट करून ठेवला होता तितका नव्हता, याचाही राग आला. पांढऱ्या भिंती, छताला ट्यूबलाइट, कोपऱ्यात ढोल आणि वायर गुंडाळलेली गिटार, वेदी नाही, मेणबत्ती नाही, समोर एक लाकडी स्टँड आणि माइक. सगळ्या खुर्च्या त्या एका माइककडे तोंड करून. दारातच एका बाईने तिचे दोन्ही हात धरले — वयाने थोडी मोठी, गळ्यात चष्म्याची दोरी, चेहऱ्यावर ते धुतलेलं हसू.

"तुम्ही त्यांच्या मिसेस! या ना, या. पुढे बसा. किती बोलतात ते तुमच्याबद्दल!"

"बोलतात?"

"म्हणजे, त्यांना लागतो तेवढा वेळ लागतोच," बाई हसली, सहज, जसं काही हा त्यांचा घरचा विनोद होता, "आम्हाला कुठे गाडी पकडायचीय!"

माझ्या नवऱ्याच्या तोतरेपणावर हिने विनोद केला आणि त्यात विष नव्हतं. एकोणीस वर्षांत मी एकदाही करू शकले नाही. "काय बोलतात माझ्याबद्दल?" हे ओठांवर आलं होतं, पण ते दुसऱ्या बाईला विचारायचं? तिच्यासमोर हात पसरायचा? ती पुढे गेली नाही, मागच्या रांगेत टोकाची खुर्ची घेतली. तो पहिल्या रांगेत होता. त्याच्या मानेवर नवीन कातरलेले केस. केस कापून आलाय. कधी कापले? दोरीवाली बाई त्याच्या मागेच बसली आणि वाकून त्याच्या कानात काहीतरी म्हणाली, आणि त्याची मान हलली.

गाणी झाली. पास्टर उठला — बुटका, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, अमोघ वाणीचा वगैरे अजिबात नाही, दुकानदारासारखा दिसणारा — आणि म्हणाला, आज आपले भाऊ बोलतील, आणि जाऊन लोकांत बसला. बस्स एवढंच. तिचा नवरा उठला. माइकपाशी गेला. दोन्ही हातांनी स्टँड धरला. तिला तो स्टँड धरण्याचा ढंग ओळखीचा होता. घरी ओट्याची कड तो असाच धरायचा.

तिला खात्री होती की तो बायबलमधल्या मोशेचं बोलणार. जड जिभेचा मोशे, त्याला देवाने पाठवलं वगैरे. याला कुणीतरी तेच भरवलं असणार. त्याने मोशेचं नावही काढलं नाही.

"म-मी लिफ्ट दुरुस्त करतो," तो म्हणाला. "वीज गेली की लो-लोक आत अडकतात. मग मला बो-बोलावतात. मला बंद दारातून त्यांच्याशी... बोलायचं असतं. की घा-घाबरू नका. आणि ते मला येत नाही."

कुणीतरी हसलं, तोही हसला. हसू विरेपर्यंत थांबला. घाई नव्हती त्याला! तोच तो आवाज होता, मानेमागून ऐकलेला, प्रत्येक शब्द हातात धरून नीट खाली ठेवणारा, फक्त आता मध्ये मध्ये खड्डे होते आणि खड्ड्यांतून तो तसाच चालत होता, पाय ओढत, न लाजता. तो सांगत होता की मी बोलत नाही, मी पान्याने दार ठोकतो. दोनदा. आतला माणूसही दोनदा ठोकतो. मग आम्ही दोघं असे बराच वेळ...

हे तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत पाना त्याने घरी आणून मोरीत धुतला होता, तिने पुसून पिशवीत ठेवला होता, आणि पाना दार ठोकतो हे तिला आज, टायरच्या वासात, साठेक परक्या माणसांबरोबर कळत होतं. हे माझं होतं. हे माझ्या ओट्यावर सांगायचं होतंस. यांना काय देतोस? यांनी तुला काय दिलंय? खुर्ची?

"एक गो-गोष्ट मला आधी कळायची नाही," तो म्हणाला. "लोकांना वाटतं, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला सगळ्यात आधी..."

आणि भिंत.

तोंड उघडं, शीर ताठ, डोळे कुणाच्यातरी खांद्यावरून पलीकडे. तिचे ओठ आपोआप हलले. शब्द तयार होता: भीती. भीती वाटते. दुसरं काय वाटणार? जिभेच्या टोकावर गोळीसारखा ठेवला होता, नुसता ढकलायचा होता, तिच्या एका शब्दाने तो सुटला असता, धावत पुढे गेला असता, आणि सगळ्यांना कळलं असतं की हा आवाज कुणाचा आहे. हॉलमध्ये कुणी हललं नाही. कुणी घड्याळ पाहिलं नाही. पास्टर मांडीवर हात ठेवून शेतात बसावं तसा बसला होता. दोरीवाली बाई मान किंचित कलती करून बघत होती, आणि तिच्या त्या मानेत कसलीही ओढ नव्हती, नुसती जागा होती. एक पोर कुठेतरी खोकलं. भिंत सरत नव्हती. आणि तेव्हा, जीभ दाताखाली धरून बसलेल्या हिच्या मनात अगदी स्वच्छ, साबणाने धुतल्यासारखा विचार आला — न येवो. शब्द न येवो त्याला. उभाच राहू दे तसा. यांचं थांबणं संपेपर्यंत, यांची ती प्रेमळ तोंडं कंटाळेपर्यंत, दोरीवाल्या बाईने घड्याळाकडे बघेपर्यंत. मग तो माझ्याकडे बघेल. या सगळ्या डोक्यांवरून मला शोधेल. मग मी देईन.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या तोंडात तो शब्द तसाच होता, तयार, गुळगुळीत, बिनचूक बसणारा.

"लाज," तो म्हणाला.

आणि श्वास घेतला. "भीती नंतर. आधी ला-लाज वाटते. मी गेलो की आतून मा-माफी मागतात. म्हणतात, आमचंच ब-बटण चुकलं असेल. हळू बोलतात. आत कोंडलेला माणूस मो-मोठ्याने ओरडत नाही हो... तो ऐकतो, बाहेरचे काय ठरवतायत ते."

हॉलमध्ये एक मोठा, एकत्र सुटलेला श्वास. ती मात्र तो न सोडता तशीच राहिली. लाज. तिच्या यादीत तो शब्दच नव्हता. तिने शंभर शब्द धरले असते, काळोख, जीव, घाम, घर, आणि लाज धरला नसता. भीती दिली असती, आणि त्याने मान हलवली असती, सुटल्यासारखा हसला असता, आणि घरी जाताना तिला बरं वाटलं असतं. बटाट्याच्या दुकानात, घरमालकाच्या दारात, सासूबाईंसमोर, 'त्यांना म्हणायचंय की'... आणि डॉक्टरीणबाईंच्या त्या काचेच्या टेबलासमोर. बाई मुद्दाम त्याच्याकडे वळल्या होत्या. त्याने तोंड उघडलं होतं. शीर ताठ होती. बाई थांबायला तयार होत्या, आता आठवतंय, त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. कुठला शब्द होता तो? 'नको' होता? नकोच असेल. नको असणारच, नाहीतर चहा पिताना तो काहीतरी... काय? काय बोलला असता तो, आणि कुणी ऐकलं असतं?

दोरीवाली बाई मागे वळली, रांगांवरून तिला शोधलं आणि हसली. थोबाडीत द्यावी असं ते हसू होतं. मत्सर गेला नव्हता, काडीचाही कमी झाला नव्हता, फक्त त्याने जागा बदलली होती, घोटभर गरम पाणी घशातून खाली पोटात उतरावं तशी: या लोकांना तिचा नवरा मिळाला याचं आता तेवढं काही नव्हतं, यांना त्याचा पुढचा शब्द माहीत नव्हता, याचं होतं. ती भाग्यवान अडाणी माणसं. त्यांनी तो कधीच भरून टाकला नव्हता.

समोर तो पुढे बोलत होता. दाराच्या फटीतून हात आत घालायचा असतो, म्हणाला, माणसाला ओढायचं नसतं, नुसता त्याचा हात धरायचा असतो, कारण लिफ्ट मध्येच हलली तर... आणि पुन्हा थांबला. तोंड उघडं. स्टँडवरची बोटं पांढरी.

तिने सवयीने शब्द चाचपला. जीभ वरच्या दातांमागे फिरली, डावीकडे, उजवीकडे, आणि तिथे काही नव्हतं. खुर्चीच्या हातावर तिचं बोट उचललेलं होतं, ते दोनदा खाली ठोकावं की नाही हेही तिला कळेना. ती तशीच बसून राहिली, बोट हवेत, आणि आपण थांबलो आहोत की अडकलो आहोत, हे काही तिला सांगता आलं नसतं.